सुजलेल्या नसेचा माग : ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सर जे. जे. रुग्णालय

ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय यांचा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा समग्र इतिहास एका लेखात मावणारा नाही. म्हणून या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या लेखाला एक लहानसा प्रांत नेमून दिला. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या, म्हणजेच क्रेनियल नर्व्ह्‌ज, यांना येणारी सूज आणि तिचे निदान-उपचार असा तो विषय आहे. प्रांत लहान असला, तरी संस्थेच्या कामाचा स्वभाव त्यात स्पष्ट दिसतो.

वास, दृष्टी, बुबुळांची हालचाल, चेहऱ्याची संवेदना, हसणे, ऐकणे, गिळणे, बोलणे ही सारी कामे या बारा जोड्यांच्या भरवशावर चालतात. त्यांपैकी एखादीला सूज येते तेव्हा ती सहसा कर्करोगाची नसते आणि जिवाला धोकाही बहुधा नसतो. म्हणून ‘साधी’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण या नसा कवटीच्या हाडातल्या अरुंद बोगद्यांतून बाहेर येतात. चेहऱ्याच्या नसेचा बोगदा तर एका ठिकाणी मिलिमीटरहूनही अरुंद आहे. तिथे किंचित सूज आली तरी नस आवळली जाते आणि माणसाचा अर्धा चेहरा थिजतो. अशी सूज वेळेवर ओळखली तर रुग्ण पुष्कळदा पूर्ववत होतो. उशीर झाला तर जन्मभराचे व्यंग मागे राहू शकते. वेळेवर ओळखण्याची ही विद्या आमच्या आवारात कशी रुजली, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

१८४० ते १८५० : देणगी आणि पाया

मुंबईत देशी विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवण्याचा पहिला प्रयत्न १८२६ मध्ये झाला आणि १८३२ मध्ये तो वर्ग बंद पडला. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला, पण १८३८ मध्ये दापोडी येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी निधी उभारला. सर जमशेटजींनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८४५ मध्ये भायखळ्याला कॉलेज व रुग्णालय दोन्ही सुरू झाली. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड. रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून शिकवायचे, ही शिस्त त्यांनी घालून दिली. मृत देहाचे विच्छेदन करायला विद्यार्थी तयार होतील का, अशी शंका तेव्हा पुष्कळांना होती. ते तयार झाले. पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड आणि पुढे प्रार्थना समाज स्थापन करणारे डॉ. आत्माराम पांडुरंग होते. १८६० च्या दशकात मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्गही निघाले. मराठीतून शरीरशास्त्र शिकलेले वैद्य त्यातून जिल्ह्याजिल्ह्यांत गेले.

१८६० ते १८८० : कार्टर यांची लेखणी आणि कुंचला

१८५८ मध्ये लंडनला ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातली ३६३ चित्रे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी काढली होती. कवटीच्या तळाशी छिद्राछिद्रांतून बाहेर पडणाऱ्या नसा, गालावर पंख्यासारखी पसरलेली चेहऱ्याची नस ही चित्रे पाहून जगभरच्या डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. ग्रंथ बाहेर आला त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. या योगायोगाचा आम्हाला अभिमान वाटतो, आणि तो वाटावा असाच आहे.

कार्टर मुंबईत नुसते शिकवत राहिले नाहीत. या शहरात कुष्ठरोगाने ग्रासलेली निराधार माणसे त्यांना रोज दिसत होती. त्या काळी हा त्वचेचा, रक्ताचा किंवा पापाचा रोग समजला जाई. नॉर्वेतील डॅनियलसन आणि बोएक यांनी त्यात नसांचा हात असल्याचे दाखवले होते. कार्टर यांनी मुंबईच्या रुग्णांत तेच तपासले. त्यांनी मृतांच्या नसा उघड्या करून पाहिल्या, जाड झालेल्या नसांची चित्रे काढली आणि १८६० च्या दशकाच्या प्रारंभीच त्यावर निबंध लिहिला. पुढे काही वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. तिथेही हा अभ्यास चालू राहिला. मग नॉर्वेला जाऊन त्यांनी तिथली व्यवस्था पाहिली आणि १८७४ मध्ये कुष्ठरोगावरचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. नंतर ते याच कॉलेजचे प्राचार्य झाले.

चेहऱ्याची आणि डोळ्याच्या संवेदनेची नस कुष्ठरोगात सापडते, हे आज प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. आमच्या आवारात त्या ज्ञानाची मुळे कार्टर यांच्या विच्छेदनाच्या टेबलापर्यंत जातात.

याच काळात भाऊ दाजींनी कडू कवठाच्या तेलाने कुष्ठरुग्णांवर उपचार केले. औषधाचे नाव त्यांनी बराच काळ प्रकट केले नाही आणि त्यावरून वाद झाले. त्यांच्या तपशिलात जाण्याचे येथे कारण नाही. कडू कवठाचे तेल पुढे जगभर अनेक दशके कुष्ठरोगावर वापरले गेले, एवढे नमूद केले म्हणजे पुरे.

१८९० ते १९४० : साथींची दशके

ही पन्नास वर्षे मुख्यतः साथींशी झुंजण्यात गेली. १८९६ मध्ये प्लेग आला. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी कॉलेजच्या इमारतीतच प्रयोगशाळा मांडून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. कुष्ठरुग्णांसाठी १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला आश्रम निघाला. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून छापणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच. मराठी माणसाने त्यांचे ऋण दोन्हींसाठी मानावे.

नसांच्या सुजेवर मात्र या काळात हाती फारसे काही नव्हते. क्षयरोगाच्या मेंदूज्वरात मेंदूच्या तळाशी चिकट स्राव साचतो. तिथून निघणाऱ्या नसा त्यात गुरफटतात, मूल तिरळे पाहू लागते, एक पापणी खाली येते. डॉक्टरांना हे सारे दिसत होते आणि पुढे काय होणार तेही कळत होते. टाळता मात्र काही येत नव्हते. ज्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी रात्री जागवल्या, त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत.

१९५० चे दशक : औषधे आली, विभाग उभे राहिले

स्वातंत्र्याच्या आगेमागे वैद्यकाचे चित्र पालटले. स्ट्रेप्टोमायसिन आले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि क्षयाच्या मेंदूज्वरातून मुले वाचू लागली. स्ट्रेप्टोमायसिन स्वतःच कानाच्या, म्हणजे आठव्या नसेच्या मार्गाला इजा करते. त्यामुळे वाचलेल्या काही मुलांची श्रवणशक्ती गेली. त्याच दशकात कॉर्टिसोन आणि नंतर प्रेडनिसोलोन हाती आले. सूज ओसरवणारे खरे औषध वैद्यकाला प्रथमच मिळाले.

याच कॉलेजचे विद्यार्थी डॉ. नोशिर वाडिया लंडनला लॉर्ड रसेल ब्रेन यांच्या हाताखाली शिकून परतले आणि १९५७ मध्ये त्यांनी जे. जे. मध्ये न्यूरॉलॉजीचा विभाग सुरू केला. त्या काळच्या मानद डॉक्टरांच्या पद्धतीप्रमाणे ज्येष्ठ मंडळी सकाळी विनावेतन राउंड घेत. विभाग प्रत्यक्ष उभा राहिला तो रजिस्ट्रार, हाउसमन, सिस्टर आणि वॉर्डातल्या मामा-मावशींच्या बळावर. जागा, खाटा, उपकरणे यांवरून जे ताणतणाव प्रत्येक वाढत्या संस्थेत होतात ते येथेही झाले, पण काम थांबले नाही.

क्रेनियल नर्व्ह तपासण्याची जे. जे. ची पद्धत याच काळात पक्की झाली. ती आजही बदललेली नाही, म्हणून जरा जवळून सांगतो. रुग्ण बाकावर येऊन बसतो, तोंड एका बाजूला ओढलेले असते आणि सोबतचे नातेवाईक ‘वारा लागला’ म्हणून सांगतात. डॉक्टर आधी काही न बोलता पाहतो. कोणता डोळा मिटत नाही, पाणी कोणत्या ओठातून ओघळते, बोलताना पापणी किती वेळा लवते. मग म्हणतो, “कपाळाला आठ्या घाला. डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. गाल फुगवा.” कपाळावरची आठी महत्त्वाची. मेंदूच्या झटक्यात कपाळ बहुधा वाचते. नसेच्या सुजेत कपाळासकट अर्धा चेहरा जातो. मग कापसाची वात करून बुबुळाच्या कडेला हलकेच लावतात. पापणी लवली तर पाचवी नस शाबूत असते. कानात वाकून पाहतात. बारीक फोड दिसले तर तो नागिणीचा विषाणू असतो. मानेजवळ, कोपराला आणि गुडघ्यामागे नस चाचपतात. जाड लागली तर कुष्ठरोगाचा संशय घेतात. एवढे सारे टिपले गेले की मगच केस पेपरवर निदान चढते.

१९६० चे दशक : चेहऱ्याची नस टेबलावर

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत समृद्ध काळ हाच.

डॉ. नोशिर अंतिया हेही याच कॉलेजचे विद्यार्थी. इंग्लंडला सर हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे प्लास्टिक सर्जरी शिकून ते परतले, पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि मग जे. जे. मध्ये प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. कुष्ठरोग्याला साध्या जनरल रुग्णालयात, इतर रुग्णांच्या शेजारी खाट देणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. अंतिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली. बाजूच्या खाटेवरचे रुग्ण उठून गेले नाहीत, याचे श्रेय मुंबईकरांच्या पदरात घालायला हवे.

त्याच आवारात डॉ. दाराब दस्तुर यांचे न्यूरोपॅथॉलॉजी युनिट होते. नस सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्यात त्यांचा हातखंडा होता. अंतिया, दस्तुर आणि डॉ. दिवेकर यांनी मिळून कुष्ठरोगातील चेहऱ्याच्या नसेचा अभ्यास केला. शस्त्रक्रियेत नस उघडी करून प्रत्यक्ष पाहिली, स्नायूंची विद्युत चाचणी घेतली आणि ऊतींची तपासणी केली. १९६६ मध्ये त्यांचे दोन निबंध कुष्ठरोगाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

कुष्ठरोगात चेहऱ्याची नस सगळी सारखी मरत नाही. गालफडाच्या हाडावरून त्वचेच्या अगदी खालून जाणारी जी शाखा पापण्या मिटवते, तिच्यावर सर्वांत मोठा घाला पडतो. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीरातील थंड जागा मानवते, आणि त्वचेखालून उथळ जाणारी ही शाखा खोलवरच्या नसेपेक्षा थंड असते. म्हणून रुग्णाचे हसू कधी जवळपास शाबूत असते, पण डोळा मिटत नाही. त्यातच पाचव्या नसेने बुबुळाची संवेदना गेली असेल तर डोळ्यात गेलेली धूळ त्याला कळत नाही. बुबुळावर जखम होते आणि डोळा जातो. एका नसेची ‘साधी’ सूज माणसाला आंधळे करते ती अशी.

ज्यांची नस कायमची गेली त्यांच्यासाठी अंतियांनी गिलीज यांची शस्त्रक्रिया रुजवली. कानशिलावरच्या चावण्याच्या स्नायूची पट्टी पापण्यांभोवती आणून बसवायची. चावण्याचा स्नायू पाचव्या नसेवर चालतो, सातवीवर नाही. त्यामुळे दात आवळले की डोळा मिटतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला हे शिकवावे लागे. समोर आरसा, शेजारी फिजिओथेरपिस्ट, आणि दिवसभरात पुन्हा पुन्हा दात आवळून डोळा मिटण्याची सवय. काही आठवड्यांत रुग्ण नकळत दात आवळू लागे. ज्या माणसाचा डोळा रात्री झोपेतही उघडा राहत असे, तो पुन्हा पापणी मिटू लागे.

क्षयाच्या मेंदूज्वराचे कामही याच दशकात पुढे गेले. बालरोग विभागाचे डॉ. पुरुषोत्तम उदानी आणि दस्तुर यांनी मुलांच्या मेंदूतील क्षयाचे प्रकार लावून दाखवले. त्यांचे १९६६ चे आणि पुढचे निबंध आजही आधार म्हणून वापरले जातात. तळाचा स्राव कुठे साचतो, कोणती नस त्यात सापडते, रक्तवाहिन्या कशा आवळल्या जातात, हे त्यांनी एकेक करून मांडले.

१९७० चे दशक : डोळे आले आणि पाय गेले

१९६९ मध्ये आफ्रिकेत डोळे येण्याची एक नवी साथ सुरू झाली. चांद्रमोहिमेच्या वर्षी आली म्हणून तिकडे तिला ‘अपोलो’ नाव पडले. १९७१ मध्ये ती मुंबईत पोचली. डोळे लालभडक होत आणि आठवड्याभरात बरे होत. त्यामुळे कुणी मनावर घेतले नाही. पण त्यानंतर जे. जे. च्या न्यूरॉलॉजी वॉर्डात प्रौढ माणसे येऊ लागली. पायांत कळा, मग पोलिओसारखे लुळेपण. काहींचा चेहरा वाकडा झाला होता. वाडिया आणि त्यांचे सहकारी इराणी व कात्रक यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : गेल्या महिन्यात डोळे आले होते का? उत्तर ‘हो’ येत गेले. १९७२-७३ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हा नवा विकार जगापुढे मांडला. एन्टेरोव्हायरस ७० हा विषाणू डोळ्यांतून सुरुवात करून मज्जारज्जू आणि क्रेनियल नर्व्ह्‌जपर्यंत पोचतो, हे पुढे सिद्ध झाले. १९८१ मध्ये साथ परत आली तेव्हा जपानी शास्त्रज्ञांच्या साथीने रक्तातील प्रतिपिंडे मोजून निदान पक्के करण्यात आले. महागडे यंत्र हाती नसताना, रुग्णाला नीट विचारलेल्या एका प्रश्नातून हा शोध लागला.

१९८० आणि १९९० : यंत्रांची साथ

सी.टी. आणि एम.आर.आय. आल्यावर कवटीच्या तळाच्या नसा जिवंत माणसात दिसू लागल्या. टोलोसा-हंट हा विकार त्यामुळे हाताळता येऊ लागला. १९५४ मध्ये बार्सिलोनाचे टोलोसा आणि १९६१ मध्ये अमेरिकेचे हंट यांनी तो वर्णिला होता. डोळ्यामागे सणक, आणि बुबुळ हलवणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या नसांपैकी एक वा अधिक बंद. कारण, डोळ्यामागच्या शिरांच्या पोकळीत आलेली कर्करोग नसलेली सूज. स्टेरॉइड दिले की तीन दिवसांत दुखणे विरते, असा त्याचा लौकिक.

पुस्तकातले हे वाक्य आपल्याकडे जपून वाचावे लागते, हा धडा जे. जे. च्या ज्येष्ठांनी विद्यार्थ्यांना घोकून दिला. लिम्फोमा हा कर्करोगही स्टेरॉइडने काही काळ ओसरतो आणि फसवतो. क्षयाची गाठ तशीच दिसते. नुसत्या स्टेरॉइडने ती आतून पसरते. म्हणून छातीचा एक्स-रे, पाठीतले पाणी आणि साखर पाहिल्याशिवाय, आणि पुन्हा तपासणीची तारीख दिल्याशिवाय ‘साधी सूज’ हे निदान लिहायचे नाही. याच काळात कुष्ठरोगातही, १९८१-८२ पासून, बहुविध औषधोपचार आला. जंतूंविरुद्धच्या शरीराच्या प्रतिक्रियेमुळे सुजलेल्या नसेला सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन मिळाले तर ती बरीचशी परत कामाला लागते, हे सर्वमान्य झाले.

२००० नंतर

या काळात जगभरच्या पुराव्याने जुन्या अनुभवांवर शिक्कामोर्तब केले. २००४ मध्ये व्हिएतनामच्या अभ्यासाने क्षयाच्या मेंदूज्वरात डेक्सामेथासोनमुळे मृत्यू कमी होतात हे दाखवले. २००७ मध्ये स्कॉटलंडच्या अभ्यासाने बेल्स पाल्सीत, म्हणजे अचानक तोंड वाकडे होण्यात, ७२ तासांच्या आत सुरू केलेले प्रेडनिसोलोन उपयोगी पडते हे ठरवले. उपचाराविनाही दहांतले सात रुग्ण पूर्ण बरे होतात. उरलेल्या तिघांसाठीच ही घाई आहे.

डॉ. अंतिया २००७ मध्ये आणि डॉ. वाडिया २०१६ मध्ये निवर्तले. वाडियांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अंतियांना त्याआधी पद्मश्री.

२०२० नंतर आणि आज

कोविडच्या २०२१ मधील दुसऱ्या लाटेनंतर राज्यभर काळ्या बुरशीचे रुग्ण आले. कोविडमधून उठलेला मधुमेही, पापणी मिटलेली, बुबुळ हलत नाही, गाल बधिर. वरून पाहता टोलोसा-हंटसारखेच. पण येथे स्टेरॉइड दिले असते तर रुग्ण हातचा गेला असता. हवे होते बुरशीविरोधी औषध अ‍ॅम्फोटेरिसिन आणि सडलेला भाग काढणारी शस्त्रक्रिया. राज्यभर नाक-कान-घसा, नेत्र, न्यूरॉलॉजी, दंत, भूल आणि प्रयोगशाळा या सगळ्यांनी एकत्र बसून निर्णय घेतले. साधी सूज आणि नुसती साधी दिसणारी सूज यांतला फरक जुन्या शिस्तीनेच कळला.

आज जे. जे. मध्ये साडेतेराशेच्या आसपास खाटा आहेत. सेंट जॉर्जेस, गोकुळदास तेजपाल आणि कामा ही रुग्णालये याच समूहात गणली जात आली आहेत. कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आणि राज्याबाहेरून रुग्ण भायखळ्याला येतात. ओपीडीच्या बाकावर अजूनही कपाळाला आठ्या घालायला सांगतात आणि कापसाची वात वळतात. 

वाचकांना एक विनंती. घरात कुणाचे तोंड अचानक वाकडे झाले, पापणी मिटेना, डोळ्यामागे सणक येऊन दोन-दोन दिसू लागले, तर शेकत, चोळत किंवा उतारा टाकत दिवस घालवू नका. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जा. हात-पायही लुळे वाटत असतील किंवा बोलणे अडखळत असेल तर तासभरही थांबू नका. डोळा मिटत नसेल तर रात्री डोळ्याचे मलम घालून तो चिकटपट्टीने बंद करा. त्वचेवर बधिर चट्टा असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते.